ग्रीक पुराणकथा मुलांसाठी मराठीत लिहिताना: मूळ कुठलं घ्यावं, नावं कशी लिहावीत, काय गाळावं?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात चौथी ते सातवीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी दहा ग्रीक कथा मराठीत लिहायच्या आहेत. एका बैठकीला एक कथा, पंधरा मिनिटांची. पुढे त्यांचीच पुस्तिका करायची आहे. यादी सध्या अशी: प्रोमिथियस, पँडोराची पेटी, डिमीटर आणि पर्सेफनी, मायडास राजा, इकारस, पर्सियस आणि मेडुसा, थीसियस आणि मिनोटॉर, हर्क्युलसची बारा कामं, ट्रॉयचं युद्ध, युलिसिसचा परतीचा प्रवास.

तीन ठिकाणी अडलंय. एक, इंग्रजीत मुलांसाठीची पुस्तकं ढीगभर आहेत, पण प्रत्येकात कथा वेगळी. खरी कुठली धरायची? दोन, नावं. तीन, मारामाऱ्या, पळवापळवी आणि झ्यूसची लफडी या वयाला कशी सांगायची? शिवाय झ्यूसला इंद्र आणि हेडीसला यम म्हटलं तर मुलांना जवळचं वाटेल का?

वाई-वाचक:

यादी बघूनच एक सांगतो. त्यात 'पेटी' आहे, 'हर्क्युलस' आहे, 'युलिसिस' आहे. म्हणजे तुमच्या हाताशी आहेत त्या नंतरच्या इंग्रजी गोष्टी, मूळ नाहीत. आधी ते बदला, निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

'खरी' अशी एकच कथा नसते, पण कुठली गोष्ट कुठून आली हे ठाऊक असायला हवं. पँडोरा आणि प्रोमिथियससाठी प्राचीन ग्रीक कवी हेसिअड. डिमीटरसाठी तिचं होमरी स्तोत्र, जेमतेम ४९५ ओळींचं. हेराक्लीस (म्हणजे तुमचा हर्क्युलस) आणि पर्सियससाठी अपोलोडोरसच्या नावावरचा कथासंग्रह. तो रुक्ष आहे, पण क्रम आणि कारणं त्यात नीट मिळतात. मायडास आणि इकारससाठी रोमन कवी ओव्हिड. परतीच्या प्रवासासाठी होमरची ओडिसी. हेसिअड आणि होमरी स्तोत्रांचा एव्हलिन-व्हाइटचा अनुवाद १९१४ चा, ओडिसीचा मरेचा १९१९ चा, अपोलोडोरसचा फ्रेझरचा १९२१ चा. तिघांनाही जाऊन साठाहून कितीतरी जास्त वर्षं झाली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे या तिन्हींवरून बिनधास्त काम करता येतं. सॅम्युअल बटलरचा गद्य अनुवादही मोकळा आहे, पण त्यात सगळी नावं रोमन आहेत. तुमचा 'युलिसिस' (ग्रीकमध्ये ओडिसियस) बहुधा अशाच कुठून तरी आला असणार.

हक्काचा मुद्दा मी मुद्दाम काढतोय. हल्लीच्या एखाद्या पुस्तकावरून लिहायला घेतलं, तर त्या लेखकाने स्वतः रचलेला प्रसंग पुराणकथा समजून तुम्ही उचलाल, आणि पुस्तिका छापली की ती नक्कल ठरेल. मायडासची मुलगी सोन्याची होते ना? ती ओव्हिडमध्ये नाहीच. ती १९व्या शतकात हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाने घातली. तो १८६४ मध्ये वारला, म्हणून तिथे अडचण नाही, पण आजच्या लेखकांची अशी भर डोळ्यांना दिसत नाही. रीत सोपी आहे: आधी मूळ वाचायचं, पुस्तक मिटायचं, घटनांचा दहा-बारा ओळींचा आराखडा स्वतःच्या शब्दांत काढायचा आणि लिहिताना समोर फक्त तो आराखडा ठेवायचा. अनुवाद उघडा ठेवून लिहिलं की मराठी वाक्यं इंग्रजीच्या चालीने चालायला लागतात.

आता यादी. 'ट्रॉयचं युद्ध' पंधरा मिनिटांत होत नाही. होमरच्या ईलिअडमध्ये दहाव्या वर्षातले थोडे आठवडेच आहेत. लाकडी घोडा त्यात नाही, अकिलीसचा मृत्यू नाही, आणि टाचेची गोष्ट तर होमरमध्ये कुठेच नाही, ती पार रोमन काळातल्या स्टेशिअस या कवीकडून येते. एकच प्रसंग घ्या. सहावी-सातवीसाठी ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम मुलाचं प्रेत मागायला शत्रूच्या तंबूत जातो तो, ईलिअडचा शेवटचा सर्ग. लहानांसाठी घोडा.

बारा कामांचंही तेच. तीन घ्या: लर्नाचा हायड्रा (अनेक डोक्यांचा साप), ऑजियसचे गोठे आणि अ‍ॅटलासकडची सफरचंदं. गोठ्यांचं काम नीट सांगितलं तर पोरं खूश होतात, कारण ते पाटबंधाऱ्याचं काम आहे. हेराक्लीस आधी आवाराच्या पायाला भगदाड पाडतो, पाणी बाहेर पडायला दुसरी वाट काढून ठेवतो, मग अल्फिअस आणि पेनिअस या नद्यांना पाट काढून पाणी आत सोडतो. बाहेर पडायची वाट बहुतेक पुस्तकांत गाळलेली असते. ती गाळली की गोठा धुऊन निघायच्या ऐवजी तुंबला असता, आणि नदीकाठचं पोर हे लगेच विचारतं. आणखी एक: कामं मुळात दहाच ठरली होती. हायड्राच्या वेळी पुतण्या आयोलाउसने मदत केली आणि गोठ्यांसाठी मजुरी ठरवली, म्हणून कामं सांगणाऱ्या राजाने ती दोन धरली नाहीत. ती दोन वाढली आणि बारा झाली.

माणदेशी:

डिमीटरवर, म्हणजे धान्याच्या देवीवर लिहितो, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त चुकते ती हीच कथा.

इंग्रजी पुस्तकांत असतं: मुलगी पाताळात गेली, आई रडली, म्हणून हिवाळा आला आणि काही उगवेना. हे माण, खटाव, जत किंवा आटपाडीच्या मुलाला सांगून बघा. हिवाळ्यात त्याच्या रानात शाळू कमरेइतका उभा असतो! हिवाळा म्हणजे ओसाड हे गणित बर्फाच्या देशातलं आहे. खुद्द ग्रीसमध्येही धान्य शरदात पेरतात, थंडीतल्या पावसावर ते वाढतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कापतात.

स्तोत्रात काय आहे ते बघा. डिमीटर बी जमिनीतच दडवून ठेवते. बैल नांगर ओढत राहतात, जव मातीत पडतात आणि उगवत काहीच नाही. माणसं उपाशी, आणि माणसंच उरली नाहीत तर देवांना नैवेद्य कोण दाखवणार, म्हणून झ्यूस हलतो. हा हिवाळा नाही, दुष्काळ आहे. 'पेरलं ते उगवलं नाही' एवढं वाक्य आपल्याकडे पुरतं, आजी-आजोबांकडून मुलांनी ते ऐकलेलं असतं. ऋतूंचं कोडं सोडवायला कथा वापरू नका. मुलगी वर येते तेव्हा रानं हिरवी होतात, एवढंच म्हणा.

डाळिंबाचे दाणे मोजताना जपा. स्तोत्रात एकच दाणा आहे, आणि वर्षाचा तिसरा हिस्सा खाली. ओव्हिडच्या रूपांतरकाव्यात (मेटॅमॉर्फसिस) सात दाणे आणि अर्धं वर्ष. 'सहा दाणे म्हणून सहा महिने' हे नंतरचं जुळवलेलं आहे, दोन्हींत नाही. एकच दाणा ठेवा. आटपाडीचं पोर डाळिंबाच्या बागेत वाढतं. एका दाण्याने आयुष्य बदलतं, हे त्याला सातापेक्षा जास्त लागेल.

पळवून नेण्याबद्दल: 'हेडीसला ती आवडली, मग तिलाही तो आवडला' असं गोड करू नका. स्तोत्रात ती ओरडते, वडिलांना हाक मारते, आणि त्याच वडिलांनी आधी संमती दिलेली असते. तसंच सांगा: 'तिला विचारलं नव्हतं. तिच्या आईलाही विचारलं नव्हतं.' दोन वाक्यं, पुढे चला. वर्णन करायचं नाही आणि लपवायचंही नाही. आईचा राग मग मुलांना आपोआप रास्त वाटतो. तिथे नरमाई केली तर डिमीटर उगीच थयथयाट करणारी बाई ठरते.

आणि हेडीसला यम करू नका. यम म्हटलं की रेडा आला, पाश आला, पापपुण्याचा हिशेब आला. हेडीस प्राण न्यायला येत नाही, निवाडाही तो करत नाही. त्याचं ठिकाण 'नरक' तर मुळीच नाही. सगळेच मेल्यावर तिथे जातात. 'मृतांचं राज्य' लिहा. झ्यूस आणि आपला द्यौस् हे शब्द एकाच मुळातले आहेत, अँब्रोशिया आणि अमृतही तसेच. मोठ्या मुलांना हे सांगायला फार छान आहे, पण वाचन संपल्यावर. कथेत देवांची अदलाबदल नको.

हरिपूर:

पँडोराच्या 'पेटी'बद्दल वाई-वाचक ओझरतं बोलले, मी पूर्ण करते. हेसिअडमध्ये पेटी नाही, पिथॉस आहे: धान्य, तेल, दारू साठवायचं मातीचं मोठं भांडं, कधी कधी अर्धं जमिनीत पुरलेलं. १६व्या शतकात इरॅस्मसने लॅटिनमध्ये लिहिताना त्याची डबी केली आणि सगळ्या युरोपात तीच चालली. आपल्याला त्या चुकीची काय गरज? मराठीत तयार शब्द आहे: रांजण. आणि उघडतो त्या क्षणासाठी वाक्प्रचारही तयार आहे: दुखण्यांचं पेव फुटलं. सांगलीच्या मुलांना हरिपूरची हळदीची पेवं (साठवणीची जमिनीतली कोठारं) ऐकून तरी माहीत असतात. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा आधी जाऊ देतात, लगेच कोणी उतरत नाही. झाकण काढताना काय बाहेर येतं, हे दुसरं काही न समजावता कळतं.

त्या कथेत दोन गोष्टी नंतर चिकटल्या आहेत, त्या काढा. 'उघडू नको' अशी ताकीद हेसिअडमध्ये तिला कोणी दिलेली नाही. ताकीद आहे ती एपिमिथियसला: झ्यूसकडून भेट घेऊ नकोस, असं भाऊ प्रोमिथियसने त्याला बजावलेलं असतं आणि तो विसरतो. 'आगाऊ मुलीने ऐकलं नाही म्हणून जग बिघडलं' हा अर्थ त्या खोट्या ताकिदीमुळे येतो. हेसिअड स्वतः बायकांबद्दल बरं बोलत नाही, हे खरं. तेवढं आपण पुढे न्यायचं कारण नाही. प्रोमिथियसची आणि पँडोराची एकच कथा करा. आगीच्या चोरीचा सूड म्हणून झ्यूसने हे घडवलं, हे तेव्हा उघड दिसतं आणि यादीत एक जागाही मोकळी होते. दुसरं, आशा. ती रांजणाच्या काठाखाली आतच राहते. ती का राहिली, हे चांगलं की वाईट, हे लिहू नका. मुलं त्यावरून भांडतील, भांडू द्या.

मोकळ्या जागेत तान्ह्या हर्मीसची गाईचोरी घाला, असा माझा आग्रह आहे. पहाटे जन्मला, दुपारी कासवाच्या पाठीची सात तारांची वीणा केली, संध्याकाळी अपोलोच्या पन्नास गाई पळवल्या, त्याही उलट्या चालवून, म्हणजे माग काढणारा उलटा जाईल. स्वतःच्या पायाला डहाळ्यांच्या चपला, म्हणजे पाऊल ओळखू येऊ नये. मग पाळण्यात दुपटं ओढून झोपेचं सोंग. वडिलांपुढे शपथ घेतो तेव्हा झ्यूस हसतो, आणि वीणा देऊन भावाभावांचं जमतं. गुरं राखणाऱ्या घरातलं मूल मागाचा भाग ऐकताना पुढे सरकून बसतं. एक अडचण आहे: स्तोत्रात तो दोन गाई कापतो आणि देवांसाठी बारा वाटे करतो. चौथी-पाचवीसाठी 'त्यातल्या दोन देवांना अर्पण केल्या' एवढं पुरे, खोटंही होत नाही.

वस्तूंना घरातले शब्द द्या. पर्सियसची ढाल पितळेची नको, काशाची; काशाची वाटी मुलांनी पाहिलेली असते आणि ती घासल्यावर कशी चमकते तेही. बाळ झ्यूसच्या जागी त्याचा बाप क्रोनस दगड गिळतो, तो दुपट्यात गुंडाळलेला. ओडिसियसचा कुत्रा आर्गोस पडलेला असतो ती जागा म्हणजे उकिरडा, 'कचऱ्याचा ढीग' नव्हे. तिथलं शेणखत शेतात जायचं असतं, हे होमर सांगतो. मिनोटॉरच्या घराला चक्रव्यूह म्हणू नका, त्यात अभिमन्यू येऊन उभा राहतो. भुलभुलैया चालेल. मी असते तर 'चकव्याचा वाडा' लिहिलं असतं.

कृष्णाकाठ:

खूप खूप आभार, सगळे. पेटीचा रांजण केला, हर्मीस घेतला. ओडिसियसच्या प्रवासातून एक डोळ्याच्या पॉलिफेमसचीच कथा निवडली. पण तिथे ओडिसियस राक्षसाला आपलं नाव 'कोणी नाही' असं सांगतो, तो खेळ मराठीत बसत नाही. 'कोणी नाही मला मारतोय' हे वाक्यच होत नाही. नावांचंही राहिलंच.

हरिपूर:

वाक्य बसत नाही कारण मराठीत 'कोणी' आलं की क्रियापदालाही नकार लागतो. म्हणून वाक्य करूच नका, सवालजवाब करा. नाव जोडून लिहा: कोणीनाही. बाहेरचे शेजारी विचारतात, 'कोण मारतंय तुला? कोण आहे आत?' आतून उत्तर: 'कोणीनाही! कोणीनाही!' त्यावर शेजारी: 'कोणी नाही? मग दुखणं देवाने दिलं असेल. बापाची करुणा भाक आणि आम्हाला झोपू दे.' पॉलिफेमसच्या तोंडी शब्द जोडून, शेजाऱ्यांच्या तोंडी तोडून. वाचणाऱ्या मुलाला छापील ओळीत गंमत दिसते, ऐकणाऱ्याला आवाजात.

खेळ फसतो तो दुसऱ्याच कारणाने: नाव आधी पुरेसं कानावर पडलेलं नसतं. आंधळा करण्याआधी निदान तीनदा येऊ द्या. ओडिसियस सांगतो तेव्हा एकदा, राक्षस घोळवून म्हणतो तेव्हा दुसऱ्यांदा, आणि 'कोणीनाहीला मी सगळ्यात शेवटी खाणार, हीच माझी भेट' इथे तिसऱ्यांदा. ही पाहुण्याला दिलेली भेट आहे, म्हणून ती गाळू नका. सगळी ओडिसी पाहुणचारावर उभी आहे. ग्रीक भाषेत परका आणि पाहुणा यांना एकच शब्द, क्सेनोस. आपल्याकडे अनोळखी माणसाला 'काय पाव्हणं' म्हणतात तसाच.

सुटकेचं नेमकं लिहा: तीन-तीन एडके एकत्र बांधलेले, मधल्याच्या पोटाखाली एकेक माणूस, बाजूचे दोन आडोशाला. ओडिसियस स्वतः सगळ्यात मोठ्या एडक्याच्या लोकरीला खालून लोंबकळतो. त्याला बांधायला कोणी उरलेलं नसतं, म्हणून. राक्षस हाताने फक्त पाठी चाचपतो. एकाच एडक्याखाली माणूस बांधला असं लिहिलं तर पाय दोन्हीकडून दिसतील, हे मुलं बोलून दाखवतात.

शेजाऱ्यांना आणि पॉलिफेमसला आपल्याकडच्या धनगरी बोलीत बोलू द्या, कथा जिवंत होईल.

माणदेशी:

इथे माझा स्पष्ट विरोध. पॉलिफेमस बोलीत आणि ओडिसियस पुस्तकी भाषेत, म्हणजे घरची भाषा राक्षसाची आणि शहरातली शहाण्याची. समोर बसलेल्या मुलांमध्ये मेंढरं राखणाऱ्या घरची मुलं असणार. बोली वापरायचीच असेल तर सगळ्यांना द्या, ओडिसियसला आणि अथीनालाही. नाहीतर सगळे प्रमाण भाषेत बोलू देत आणि वस्तूंचे शब्द गावचे ठेवा: एडका, कोकरू, कळप. होमर पॉलिफेमसची कोकरं वयाप्रमाणे तीन वेगळ्या आवारांत ठेवतो: आधीची, मधली, नुकती जन्मलेली. राक्षस असला तरी तो कामाचा मेंढपाळ आहे, हे त्या मुलांना दिसू दे.

हरिपूर:

मान्य. हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. सगळ्यांना एकच भाषा.

वाई-वाचक:

नावांचं सांगतो. एका पात्राचं एकच नाव, तेही ग्रीक: हेराक्लीस, ओडिसियस, एरॉस. हर्क्युलस हे रोमन नाव मुलांनी ऐकलेलं असतं, म्हणून पहिल्या वेळी 'ज्याला पुढे रोमन लोक हर्क्युलस म्हणू लागले' असं एकदाच म्हणा. एखाद्या नावाचं मराठी रूप ठरत नसेल तर मराठी विश्वकोशात शोधा. तो आमच्या वाईतच घडला, म्हणूनही आग्रह समजा. तिथलं रूप उच्चारायला जड वाटलं तर आपलं ठरवा, पण दहाही कथांत तेच ठेवा. नावांचा तक्ता आधी करा, कथा मग.

प्रत्यय लावताना नाव मोडू नका: 'अथीनाने', 'अथीनेने' नव्हे, 'मेडुसाला', 'मेडुसेला' नव्हे. नाहीतर ऐकणाऱ्याला मूळ नाव काय तेच कळत नाही. एका कथेत पाच-सहाच नावं. बाकीच्यांना नात्याने ओळखा: 'राजाची धाकटी मुलगी', 'नावाडी'. क्लायटेम्नेस्ट्रासारखं नाव चौथीतल्या मुलाला मोठ्याने वाचायला लावू नका.

अरे-तुरेचं इंग्रजीतून कळत नाही, ते आपणच ठरवायचं असतं. देव एकेरी, आपण 'राम म्हणाला' म्हणतो तसं: 'झ्यूस म्हणाला'. ओडिसियसचा मुलगा टेलेमाकस आईला, पेनेलोपीला 'तू', वडिलांना 'तुम्ही'. पेनेलोपी भिकाऱ्याच्या वेशातल्या नवऱ्याशी बोलते तेव्हा 'पाहुणे, तुम्ही'. ओळख पटल्यावर तिचं बोलणं बदलतं, ते कुठल्या ओळीला बदलायचं हे आधी ठरवा. अकिलीस प्रायमला हाताला धरून उठवतो तेव्हा 'बाबा, उठा'. तिथे 'तू' आलं तर प्रसंग गेला.

हेराक्लीसचा मूळ अपराध, वेडाच्या भरात स्वतःची मुलं मारणं, पूर्ण गाळला तर तो ही कामं का करतो ते कळत नाही. लहान वर्गाला: 'वेडाच्या भरात त्याच्या हातून घरच्यांचाच घात झाला.' सातवीला सरळ सांगा.

लांबीचं एक. मोठ्याने, सावकाश, मिनिटाला शंभर शब्द धरले तर पंधरा मिनिटांचे दीड हजार होतात. लिहा बाराशेच. नाव परत विचारणं, 'पुढे काय झालं असेल' यात उरलेला वेळ जातोच.

कृष्णाकाठ:

तक्ता आजच करायला घेतो. इकारसचा मसुदा झालाय, त्यातली दोन वाक्यं बघाल का? 'पिसं मेणाने चिकटवून बापाने दोन पंख केले. तो म्हणाला, फार उंच जाऊ नकोस, उन्हाने मेण वितळेल.'

हरिपूर:

ओव्हिडमध्ये पिसं मधोमध दोऱ्याने बांधलेली आहेत आणि मेण फक्त बुडाशी. दोरा घाला, नाहीतर पंख जमिनीवरच सुटतील. आणि ताकीद अर्धीच आलीय. फार खालीही जाऊ नकोस, असंही बाप डेडॅलस सांगतो: समुद्राच्या पाण्याने पिसं भिजून जड होतील. दोन्ही बाजूंची भीती आली की ऐकणारं मूल मधली वाट मनात आखून घेतं, आणि पोरगा ती सोडून वर जायला लागला की त्याला आधीच कळतं.